नर्सबाईंचं ताट

नातू शाळेतून आला तो डोक्यावर लाल टोपी घालूनच. हातात चमकीच्या कागदात गुंडाळलेलं एक पुडकं. नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. कुणीतरी सर पोटाला उशी बांधून, कापसाची दाढी लावून सांताक्लॉज झाले होते आणि त्यांनी लहान वर्गातल्या मुलांना खाऊ वाटला होता. पुडक्यात एक पेन्सिल, एक खोडरबर आणि दोन चॉकलेटं. दप्तर खाली ठेवायच्या आधीच त्यानं विचारलं, "अज्जी, सांताला रिटर्न गिफ्ट काय द्यायचं?"

मला हसू आलं. आमची सून बैलहोंगलची. ती आतून म्हणाली, "एनू ब्याडो! त्याला काय कमी आहे?" पण पोरगं हसण्यावर नेईना. त्याचंही खरंच होतं. वाढदिवसाला कुणाकडे जाताना आपण गिफ्ट न्यायचं आणि येताना ते लोक आपल्याला रिटर्न गिफ्ट देणार, हे त्याला आम्हीच शिकवलेलं. गेल्या वाढदिवसाला तर किती मुलं येणार, प्रत्येकी किती रुपयांची वस्तू द्यायची, याचा हिशेब मी आणि सुनेनं त्याच्यादेखत बसून केला होता. मग सांताचंच तेवढं फुकट कसं घ्यायचं?

"सांगते उद्या," म्हणून मी वेळ मारून नेली. पण रात्री झोप येईना. कारण हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी आमच्या घरात आला होता, आणि तेव्हा त्याचं उत्तर माझ्या आईनं दाराला कडी लावून दिलं होतं.

मी शहापूरची. माहेरही इथलंच आणि सासरही. आज शहापूर म्हणजे बेळगावचाच एक भाग. नवीन माणसाला बेळगाव कुठं संपलं आणि शहापूर कुठं लागलं ते कळतही नाही. पण माझ्या वडिलांच्या लहानपणी ते वेगळं गाव होतं. १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव स्वातंत्र्यापर्यंत इंग्रजांच्या मुलखात. आमच्याकडे विणकर आणि सराफ, पलीकडे लष्कराचा कॅम्प आणि कचेऱ्या. आमच्या गल्लीत पहाटेपासून मागांची खटखट सुरू व्हायची. निम्म्या घरांत मराठी, निम्म्या घरांत कन्नड, आणि भांडणं मात्र दोन्ही भाषांत.

वडील हातमागावर साड्या विणायचे. आई कांड्या भरायची. शाळेतून आलं की मीही भरायची. घर दोन खोल्यांचं. त्यातल्या एका खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग, उरलेल्या जागेत आम्ही पाच माणसं.

आमच्या घरी कपाटात एक लांबट वही होती. आहेराची वही. कुणाच्या लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला आपल्याला काय आलं ते तिच्यात लिहिलेलं. खण, पातेलं, दोन रुपये, पाच रुपये. त्या माणसाच्या घरी कार्य निघालं की वही काढायची, बघायचं, तेवढं किंवा त्याहून थोडं जास्त द्यायचं आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारायची. फिटलं. शेजारच्या कन्नड घरातही अशीच वही होती. ते त्याला मुय्यि म्हणायचे, कधी आपल्यासारखंच आयेर म्हणायचे. शब्द वेगळे, रेघ तीच.

या वहीची मी चेष्टा करत नाही. हातावर पोट असलेल्या माणसांची लग्नं या वहीवरच पार पडली. आज तू माझ्या पोरीच्या लग्नाला पातेलं दे, उद्या मी तुझ्या पोरीच्या लग्नाला घागर देते. बँक नव्हती, पण हे होतं. मात्र या वहीला एक अट होती. ज्याच्याकडे परत द्यायला आहे, त्यानंच घ्यायचं.

आमच्या घरापासून चौथं घर नर्सबाईंचं. त्यांचं नाव होतंच, पण गल्लीत ते कुणी घेत नसे. त्या मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेल्या आणि कॅम्पाच्या बाजूला एका दवाखान्यात नोकरी करायच्या. वडील मराठी, आई गदगकडची कन्नड, धर्मानं मेथडिस्ट ख्रिस्ती. त्यांच्या घरी दोन बायबलं होती, एक मराठी आणि एक कन्नड, आणि दोन्हींची पानं वापरून मऊ झालेली.

ख्रिस्ती माणूस म्हणजे कॅम्पातला, असा आमच्या गल्लीचा समज. कॅम्पात चर्चं, कॉन्व्हेंट, १८५६ पासूनचं सेंट पॉल्स हायस्कूल. गोव्याकडची कोंकणी बोलणारी कॅथलिक मंडळीही बरीचशी तिकडंच. पण बेळगावात मिशनचं काम त्याच्याही आधीचं. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली इथं आले. पुढं १९०४ साली ते काम मेथडिस्ट मिशनकडे गेलं. नर्सबाईंचं घराणं त्या परंपरेतलं. त्या आमच्यासारखंच बोलायच्या, आमच्यासारखंच नेसायच्या, आणि नळावर पाण्यासाठी आमच्यासारखंच भांडायच्याही.

नाताळच्या दिवशी सकाळी त्या चर्चला जाऊन आल्या की गल्लीत ताटं फिरायला लागायची. करंज्या, चकल्या, नव्या फणीवर वळलेले कुलकुल, आणि बेकरीच्या भट्टीतून भाजून आणलेल्या केकचा एकेक तुकडा. वर क्रोशाचा रुमाल. गोव्यात या ताटाला कोंसुआद म्हणतात आणि मंगळूरकडे नाताळच्या फराळाला कुसवार, हे मला फार नंतर कळलं. आम्ही नुसतं नर्सबाईंचं ताट म्हणायचो. दिवाळीला आमचा फराळ त्यांच्याकडे जायचा, नाताळला त्यांचा आमच्याकडे यायचा. हिशेब चोख होता. शिवाय भांडं रिकामं परत करायचं नाही हा आपला रिवाज. आई ताट धुऊन त्यात चिमूटभर साखर घालायची आणि मगच परत पाठवायची.

१९७४ साली मी चौथीत होते. त्या वर्षी पावसाळा संपता संपता वडिलांना कावीळ झाली. दोन-अडीच महिने माग बंद. मालकाकडून उचल घेतलेली, वाण्याची उधारी थकलेली. कांड्या भरून मिळणाऱ्या पैशांवर आई कसं चालवत होती, तिचं तिला ठाऊक. त्या सगळ्या दिवसांत नर्सबाई ड्यूटीवरून येताना आमच्याकडे डोकवायच्या, वडिलांना इंजेक्शन द्यायच्या, पथ्य सांगायच्या आणि पैशांचं नाव काढलं की, "आधी ह्यांस्नी उभं तरी राहू दे," म्हणून निघून जायच्या.

दिवाळी आली. आमच्या घरी तळण झालं नाही. नर्सबाईंकडे ताट गेलं नाही. आईला हे फार लागलं. एका रात्री तिनं मला आहेराची वही काढायला लावली. माझं अक्षर बरं होतं. तिनं सांगितलं तसं मी लिहिलं: "नर्सबाई. इंजेक्शनं २१. दिवाळीचं ताट १ बाकी."

नाताळच्या आदल्या दिवशी आई मला म्हणाली, "उद्या त्यांचं ताट येईल. नको म्हणून सांग. घेतल्यावर फेडाय लागतंय. फेडायला काय हाय आपल्याजवळ?"

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास नर्सबाईंची मुलगी ताट घेऊन आली. माझ्याच वयाची, आम्ही दोघी एकत्र सागरगोटे खेळायचो. नवा फ्रॉक, केसांना लाल रिबीन. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाले, "आई नको म्हणाली." तिला कळेना. ती तशीच उभी राहिली. माझ्या मागून आईनं दार लोटलं आणि आतून कडी घातली. फटीतून मला तिची पाठमोरी रिबीन दिसत होती. केकचा वास मात्र घरात तसाच राहिला. धाकटा भाऊ रडायला लागला, त्याला आईनं एक धपाटा दिला आणि मग ती स्वतःच रडली.

अर्ध्या तासानं कडी वाजली. आईनं दार उघडलं नाही. बाहेरून आवाज आला, "वैनी, दार काढा. ताट द्यायला नाही आलो. भेटायला आलोय."

दार उघडावंच लागलं. नर्सबाई चर्चला नेसलेल्या पांढऱ्या साडीतच होत्या. हातात तेच ताट होतं, पण त्यांनी ते आईच्या हातात दिलंच नाही. कोनाड्यात ठेवलं आणि सरळ येऊन मागाच्या खड्ड्याच्या कडेला पाय सोडून बसल्या. वडिलांचा हात हातात घेऊन नाडी बघितली. मग म्हणाल्या, "थंडी काय पडलीया! चहा टाका की."

घरात दूध नव्हतं, साखर नव्हती. आईनं गुळाचा कोरा चहा केला. त्यांनी तो फुंकर घालत घालत पुरा प्याला. जवळजवळ तासभर त्या बसल्या होत्या. सणाच्या दिवशी, घरात पाहुणे असताना. काय बोलल्या ते मला फारसं आठवत नाही. बहुतेक नळाचं पाणी, पोरांची परीक्षा असलंच काहीतरी. एक मात्र आठवतं. आई हळूच म्हणाली, "तुमचं किती झालंय माझ्यावर." त्यावर नर्सबाई म्हणाल्या, "आज फेडायचा दिवस नव्हे, वैनी. आज घ्यायचा दिवस. आमास्नी तरी कोण परत मागतंय?"

निघताना आईनं ताट रिकामं करून धुतलं. साखरेचा डबा उघडायची सवय, हात तिकडं गेला आणि थांबला. मग तिनं ताटात गुळाचा एक खडा ठेवला. नर्सबाईंनी तो उंबऱ्यातच तोंडात टाकला आणि रिकामं ताट काखेत मारून गेल्या.

"आमास्नी तरी कोण परत मागतंय" या वाक्याचा अर्थ मला मोठेपणी लागला, तोही त्यांच्याच ओसरीवर. डी.एड. झाल्यावर मी शिक्षिका झाले, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले, आणि नाताळला त्यांच्याकडे जायचा नेम ठेवला. एकदा मी त्यांना विचारलं, नाताळला भेटी का देतात? त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातली गोष्ट दोन्ही भाषांत सांगितली. येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडून मागी लोक आले. कन्नड बायबलात त्यांना जोयिसरु म्हटलंय. "म्हणजे तुमचे जोशीच की," त्या हसून म्हणाल्या. ताऱ्याच्या मागून इतक्या लांब आले, घरात गेले, बाळाला त्याच्या आईजवळ पाहिलं, पाया पडले, आणि मग आपल्या पेट्या उघडून सोनं, ऊद आणि गंधरस पुढे ठेवला. ते तिघंच होते असं बायबल कुठंच म्हणत नाही. भेटी तीन, म्हणून लोकांनी माणसंही तीन धरली आणि पुढं त्यांचे राजे केले. गोव्यात रेईस मागोसला आणि चांदोरला ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त होतं, तीन मुलगे राजे बनून येतात. आपल्याकडून गोव्याला जाणाऱ्यांपैकी काहींनी ते पाहिलंही असेल.

नर्सबाईंनी माझं लक्ष वेधलं ते क्रमाकडे. आधी पाहिलं, मग दिलं. "कन्नडमध्ये काणिके म्हणतो की नाही आपण? देवापुढं ठेवतो ती काणिके. काणु म्हणजे बघणं. बघायला जायचं, आणि बघायला जाताना हातात काहीतरी न्यायचं, ती काणिके. आणि मराठीत?"

मराठीत भेट. इतकी वर्षं मुलांना मराठी शिकवलं, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माणूस भेटतो तीही भेट आणि हातात देतो तीही भेट. आपल्या दोन्ही भाषांनी वस्तूला माणसापासून सुटं होऊच दिलेलं नाही. माणूस आला नाही तर काणिके कसली आणि भेट तरी कसली?

आणि ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीनं नाताळ म्हणजे नेमकं हेच, असं त्यांचं म्हणणं. पहिली भेट मागी लोकांनी दिली नाही. त्यांच्या आधी देवानं दिली. त्यानं वरून काही वस्तू पाठवली नाही, तो स्वतःच आला. येशूला इम्मानुएल असंही म्हणतात. देव आपल्याबरोबर, असा त्या नावाचा अर्थ. तो आला तोही गरिबाच्या घरी, गोठ्यात, उतरायला जागा न मिळालेल्या आईबापांच्या पोटी. आता या देण्याची परतफेड कोण करणार? कुठल्या वहीत लिहिणार, आणि रेघ कधी मारणार? ती फिटत नाही, म्हणून नुसती घ्यायची. ख्रिस्ती लोक तिला कृपा म्हणतात. मजुरी कमवावी लागते, कृपा कमवता येत नाही. आणि ज्यानं असं फुकट घेतलंय, त्यानं दुसऱ्याला देताना वही काढून बसू नये. लूकच्या शुभवर्तमानात येशूनं यजमानाला सांगितलंय की जेवायला बोलवायचं तर श्रीमंत शेजाऱ्याला बोलावू नकोस, तो उलट तुला बोलावेल आणि फिटून जाईल. गरिबाला, लंगड्याला, आंधळ्याला बोलाव. ते परत देऊ शकत नाहीत, यातच तुझं भलं आहे.

हे ऐकताना मला भगवद्गीतेचा सतरावा अध्याय आठवला. परत उपकार करू न शकणाऱ्याला दिलेलं तेच सात्त्विक दान, असं तिथंही म्हटलंय. मी तसं बोलले. नर्सबाई म्हणाल्या, "असणारच की. पण आमचं म्हणणं थोडं उलटं सुरू होतं. आधी आम्हीच ते परत न देऊ शकणारे. आधी आमचंच ताट रिकामं."

सांताक्लॉजची मूळ कथाही त्यांनीच मला सांगितली. आजच्या तुर्कस्तानात मायरा नावाचं गाव होतं, तिथले चौथ्या शतकातले बिशप निकोलस. एका गरीब बापाला तीन मुली. हुंड्याला पैसे नाहीत म्हणून लग्नं होईनात, आणि पोरी वाममार्गाला लागायची वेळ आली. निकोलसनं रात्री अंधारात त्याच्या घराच्या खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. एकदा नाही, तिन्ही मुलींसाठी तीन वेळा. कुणी दिलं ते कळू नये म्हणून अंधारात. कथा आहे, इतिहासाच्या कसोटीवर किती उतरेल ते पंडितांनी पाहावं. पण आपल्या सीमाभागात मुलीच्या बापाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. निकोलसचा सण ६ डिसेंबरला येतो. पुढं डच लोकांकडून ते नाव अमेरिकेत गेलं आणि सांताक्लॉज झालं. लाल डगला, पांढरी दाढी, हरणांची गाडी, हे सगळं बरंचसं एकोणिसाव्या शतकापासूनचं. मूळ गोष्टीत फक्त एक गरीब घर, एक उघडी खिडकी आणि नाव न लिहिलेलं देणं.

हे सगळं मला कळलं होतं. शाळेत दर डिसेंबरात मुलांना मी ते सांगायचीही. आणि तरीही मी चुकले, ते आता सांगते.

नर्सबाई म्हाताऱ्या झाल्या. यजमान गेले. मुलगा बंगळूरला, मुलगी कॅनडात. तीच, लाल रिबिनीची. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांच्यानं करंज्या होईनात. मग नाताळचं ताट मी नेऊ लागले. आता माझ्याकडून त्यांच्याकडे. त्या केकचा तुकडा मोडायच्या, कुरकुर करायच्या की हल्लीच्या केकात नुसता सोडा असतो, आणि मला तास-दीड तास सोडायच्या नाहीत. कॅनडाहून कुरिअरनं खोकी यायची. स्वेटर, औषधांच्या बाटल्या, पाय शेकायचं यंत्र. त्यातली दोन-तीन खोकी कपाटावर तशीच बंद असायची. मी एकदा उघडू का म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू दे गं. ती आली की उघडू. उघडून एकटीनं काय बघू?"

२०१८ च्या डिसेंबरात आमच्याकडे पुतण्याचं लग्न होतं. २७ तारखेचं. घर पाहुण्यांनी भरलेलं, हॉलवाला, आचारी, साड्यांचा गोंधळ. २५ तारखेला मी बेकरीतून चांगला मोठा केक मागवला, ताटात करंज्या रचल्या, वर क्रोशाचा रुमालही घातला आणि मुलाच्या हाती स्कूटरवरून पाठवून दिलं. ताट गेलं, नेम चुकला नाही, म्हणून मला बरंही वाटलं. दोन गल्ल्यांचं अंतर. पायी पाच मिनिटं.

मुलगा ताट घेऊन परत आला. धुतलेलं, पुसलेलं. आणि त्यात गुळाचा एक खडा.

त्यांनी तो टोमणा म्हणून ठेवला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तसा त्यांचा स्वभाव नव्हता. आमच्या आईचा तो खडा त्यांच्याही लक्षात होता, एवढंच. पण मला तो बघून आतून हललं. लग्न होऊ दे, की जाऊन येते, असं मी ठरवलं. लग्न झालं. मग पूजा, मग पाहुण्यांची पाठवणी, मग शाळा सुरू. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे निरोप आला.

मी भेट पाठवली होती. भेटले नव्हते.

त्यांची मुलगी कॅनडाहून आली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून ती खोकी उघडली. कुणी काही बोललं नाही. एका स्वेटरला लावलेली चिठ्ठी तशीच होती. मी तिला चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळबद्दल विचारलं, उंबऱ्यात मी नको म्हटलं ते तिला आठवतंय का. ती म्हणाली, "आठवतं की. मी रडत घरी गेले. आई म्हणाली, ताट परत आलं म्हणजे ताट चुकलं नाही, आपण चुकलो. पोरीच्या हाती पाठवायला नको होतं, मी स्वतः जायला हवं होतं." तेव्हा मला कळलं, जी चूक मी म्हातारपणी केली ती त्यांच्याकडूनही एकदा झाली होती. फरक एवढाच की त्यांनी ती अर्ध्या तासात सुधारली.

आमची आई त्यांच्या आधीच गेली होती. माहेरचं जुनं घर पाडताना भावानं कपाटातली आहेराची वही माझ्याकडे दिली, ती मी पुढे कधीतरी निवांत चाळली. पानोपानी आडव्या रेघा. सगळं फेडलेलं. एक ओळ तेवढी कोरी, माझ्याच चौथीतल्या अक्षरातली. "नर्सबाई. इंजेक्शनं २१. दिवाळीचं ताट १ बाकी." खरं तर वडील बरे झाल्यावर आईनं पुढच्या प्रत्येक दिवाळीला त्यांच्याकडे ताट पाठवलं होतं. त्यांच्या मुलीच्या लग्नात वडिलांनी स्वतः विणलेली साडी दिली होती. हिशेबानं ती ओळ कधीच फिटली होती. तरी आईनं तिच्यावर रेघ मारली नाही. विसरली असेल का? माझी आई हिशेबाचं विसरणारी नव्हती.

तर नातवाच्या प्रश्नाचं उत्तर. दुसऱ्या दिवशी मी त्याला मागी लोकांची गोष्ट सांगितली आणि विचारलं, त्यांना रिटर्न गिफ्ट काय मिळालं? त्यानं बराच विचार केला. गोष्टीत काही मिळाल्याचं नाहीच. ते दुसऱ्या वाटेनं आपल्या देशाला परत गेले, इतकंच आहे. "मग ते इतक्या लांब कशाला आले?" त्यानं विचारलं. "बघायला," मी म्हटलं.

नाताळच्या दिवशी आम्ही तिघं, मी, सून आणि नातू, ताट घेऊन निघालो. नर्सबाईंचं घर आता राहिलेलं नाही. तिथं चार मजली इमारत झाली आहे, आणि तिच्या जिन्याखालच्या खोलीत राखणदार, त्याची बायको आणि एक लहान मुलगी राहतात. सुनेनं कन्नडमध्ये विचारलं, कुठल्या गावचे? ती बाई म्हणाली, "शहापूर." आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मग उलगडलं. यादगीर जिल्ह्यातलं शहापूर! एका शहापूरहून माणसं पोट भरायला दुसऱ्या शहापूरला आली होती. त्यावर सगळेच हसलो आणि मग "बर्री, कूडरी" म्हणत तिनं चटई अंथरली.

ही मंडळी ख्रिस्ती नाहीत, आम्हीही नाही. नाताळ कशाचा, असं तिनं विचारलं तेव्हा सुनेनं तिला चौथ्या घरातल्या नर्सबाईंची गोष्ट सांगितली, त्याच जागेवर बसून. आम्ही पाऊण तास बसलो. दोन्ही मुलं जिन्यावर चढ-उतर करत खेळली. पहिल्यांदा मला अवघडल्यासारखं झालं होतं, हे कबूल करते. काय बोलायचं, किती बसायचं, आपण उपकार करायला आलो असं तर तिला वाटणार नाही ना? मग तिनं चहा टाकला, मी तो घेतला, आणि अवघडलेपण गेलं. घेतल्याशिवाय ते जात नाही, हे नर्सबाईंना ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी आमच्या घरी चहा मागून घेतला होता.

उठताना तिनं ताट धुऊन आणलं. त्यात मूठभर भाजलेल्या शेंगा. नातवानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत प्रश्न होता, पण त्यानं तो विचारला नाही. शेंगा खिशात भरल्या आणि त्या मुलीला विचारलं, "नाळे बरली?" उद्या येऊ का?

मी वही पुन्हा कपाटात ठेवली आहे. ती ओळ आईनं कोरी ठेवली, मीही कोरीच ठेवणार आहे.